तळवे पाहणारे मास्तर

बाळांनो, तुमच्या बाबांना शुगर निघाली आणि चारचौघांत हातपाय हलवायची त्यांना लाज वाटते, असं तुमच्या पत्रात वाचलं. म्हणून हातातली कामं आटोपून मास्तरांबद्दल लिहायला बसले. हे बाबांनाही वाचून दाखवा.

मास्तर माणसाच्या तोंडाआधी पाय बघत. धंतोलीतल्या एका शाळेत ते ड्रिल शिकवत. निवृत्त झाल्यावर त्याच मैदानावर रोज सकाळी सहाला आम्हा साखरवाल्या म्हाताऱ्यांची कवायत घेऊ लागले. साखर त्यांनाही होतीच. मी पहिल्या दिवशी इस्त्रीची साडी, पांढरे मोजे अशी गेले, तर म्हणाले, "बाई, मोजे काढा. मले तळवे पाह्यचे आहेत."

कवायतीआधी सगळ्यांनी सतरंजीवर पाय पसरून बसायचं आणि शेजाऱ्याचे तळवे नीट पाहायचे, हा त्यांचा नियम. "या वयात वाकणं होत नाही, अन् साखरेनं पाय बधिर होते. काटा घुसला तरी समजत नाही. म्हणून दुसऱ्यानं पाह्यचं." पुरुषांचे पाय ते स्वतः पुन्हा तपासत. बायकांचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी ते फार काटेकोरपणे करत असे.

ओरडणं त्यांना माहीत नव्हतं, टोमणे मात्र भरपूर. इतवारीतले एक कापडवाले शेठजी यायचे. त्यांचे हात कधी पूर्ण ताणले जायचे नाहीत. मास्तर म्हणायचे, "शेठजी, इथं कोणी गिऱ्हाईक नाही. कापड मोजतानी आखडता तसे हात आखडू नका." शेठजी हसत हसत म्हणायचे, "मास्तर, धंद्याची सवय आहे, एकदम कशी जाईन?" आणि तरी हात चार बोटं पुढे जायचे.

गुरुपौर्णिमेला आम्ही सगळे त्यांच्या पाया पडायचो, कॅनव्हासच्या बुटांवर डोकं टेकवून. ते बूट त्यांनी आमच्यासमोर कधी काढले नाहीत, आणि काढा म्हणायचं कोणाला सुचलंही नाही. एका वर्षी मी वाकले, तेव्हा डाव्या बुटाच्या टोकाशी ओलसर, तपकिरी डाग दिसला. चिखल नव्हता, हे मला कळलं होतं. पण मास्तरांना कसं विचारायचं? मी नमस्कार केला आणि बाजूला झाले.

आठवड्याभरानं ते आलेच नाहीत. शेठजी आणि मी त्यांच्या खोलीवर गेलो. एकटेच राहायचे ते. डावा पाय घोट्यापर्यंत काळानिळा झाला होता. बुटाच्या तळातून खिळा घुसून वर आला होता आणि त्यांना कळलं नव्हतं. दवाखान्यात गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

मी भेटायला गेले. मास्तर म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमाले दिसलं होतं नं?"

"हो."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"तुम्ही मास्तर. तुम्हाला कसं सांगणार?"

"तुमचं नाही चुकलं. मी सगळ्याईले पाय दाखवाले लावले, अन् माहे झाकून ठेवले. मले वाटे, मास्तरचे पाय फक्त नमस्कार कराले असतात."

मला रडू आलं. त्यांनी उशीखालचा रुमाल पुढे केला. "रडून नका राहू. उरलेला पाह्यून घ्या."

मी चादर बाजूला केली आणि उजवा तळवा पाहिला, बोटांच्या बेचक्यांसकट. टाचेला एक भेग होती. ती मी त्यांना सांगितली.

त्यानंतर तीन वर्षं ते सायकलरिक्षातून मैदानावर येत आणि खुर्चीवर बसून कवायतीचे आकडे म्हणत. आल्याबरोबर उजवा बूट काढून पाय माझ्यापुढे करत. एका हिवाळ्यात ते गेले.

मैदानावर अजून सकाळी सहाला पंधरा-वीस जण जमतात, मीही जाते. जो कवायत घेतो, तो सगळ्यांच्या आधी आपले बूट काढतो.