मनोऱ्यातल्या पाचरी

माझे सासरे सुतार होते आणि तोंडावर खरं बोलायची त्यांना भारी खोड. त्या खोडीपायी शेवटी घराचं काय झालं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

गावातलं आमचं लूथरन चर्च त्यांच्या पणजोबांच्या पिढीने बांधलेलं. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, आतून पांढरा चुना, बाकी सगळं लाकूड: छत, बाकं, उपदेशाचं उंच व्यासपीठ. ना चित्र, ना सोनं. पाळकांचा शब्द शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावा, एवढाच त्या बांधकामाचा थाट. घंटा मनोऱ्यात, पण भिंतीला टांगलेली नव्हे. मधोमध लाकडाचा मोठा सांगाडा उभा केलेला, त्याला ती लटकायची. सांगाडा आणि भिंत यांच्यात चारी बाजूंनी वीतभर फट. घंटा झुलली की सांगाडाही डुलायचा आणि करकरायचा.

त्या करकरीने सासरे हैराण. सुताराच्या देखरेखीतलं लाकूड भर प्रार्थनेत कुरकुरतं, म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटायचं. एका उन्हाळ्यात त्यांनी फटीत चारी कोपऱ्यांना जाड पाचरी ठोकल्या. करकर बंद. पाळकांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि स्वारीचे पाय महिनाभर जमिनीला लागले नाहीत.

मग मनोऱ्याला चिरा पडू लागल्या. बुजवल्या तरी पुन्हा उघडायच्या. लोकांनी पायाला दोष दिला, सासऱ्यांनीही दिला. शेवटी कमिटीने घंटा बंद केली आणि शहरातून एक इंजिनिअर बाई बोलावली.

नेमक्या त्याच सुमाराला सासूबाईंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले होते. सासूबाईंचं मागणं एकच: मला नेताना घंटा वाजू दे. त्यांच्या आईला वाजली होती, पोटची दोन लेकरं गेली त्यांनाही वाजली होती. तेवढ्यासाठी सासरे कमिटीशी हमरीतुमरीवर आले. घंटा वाजवूनच दाखवतो, म्हणाले.

इंजिनिअर बाई मनोऱ्यावर चढली तेव्हा मागून विजेरी धरायला सासरेच होते. पाचरीवर हात ठेवून तिने सांगितलं, भिंतीला धक्का बसू नये म्हणूनच सांगाडा मोकळा ठेवलेला असतो. इथे या पाचरींमुळे घंटेचा प्रत्येक झोका थेट भिंतीवर आदळला. आता मनोरा उतरवण्यावाचून इलाज नाही.

घरी येऊन ते उंबऱ्यावरच बसले. मला सगळं सांगितलं आणि म्हणाले, आता तिला सांगतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"बाबा, पाया पडते तुमच्या. घंटा वाजेल म्हणा. त्यांना कुठे कळणार आहे?"

"जाणाऱ्या माणसाशी खोटं बोलू?"

गेले आत. घंटा वाजायची नाही, मनोरा मीच फोडला, असं सरळ सांगून टाकलं. बायको हात हातात घेईल असं वाटलं असावं बिचाऱ्यांना. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यानंतर नवऱ्याच्या हातचं घोटभर पाणीही घेतलं नाही. हे आपले पेज घेऊन दाराशी उभे. मला रागही यायचा आणि कीवही.

एका सकाळी मी सासूबाईंचं अंग पुसत होते. डोळे न उघडताच म्हणाल्या, "त्यांचा खांदा नको मला."

त्याच दुपारी त्या गेल्या.

नेताना सासरे शवपेटीच्या पुढच्या कोपऱ्याला येऊन उभे राहिले. मी त्यांना अडवलं नाही. काय करणार होते? रस्ताभर नुसता पावलांचा आवाज. चर्चच्या फाटकाशी माणसांनी खांदे बदलले, तेव्हा ते माझ्यापाशी आले.

"जाताना माझ्याबद्दल काही बोलली?"

"बोलल्या," मी म्हटलं. "खांदा तुम्हीच द्यायचा म्हणाल्या."

त्यांनी बाहीने डोळे पुसले, माघारी जाऊन पेटीखाली खांदा घातला आणि कबरीपर्यंत तो कोणाला बदलू दिला नाही.