कुत्र्यांच्या गाडीनं माहेरी

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी कुत्र्यांच्या गाडीनं गेले. हे मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलं. बहुतेकांनी पुढचं न ऐकता चहा घेतला आणि विषय बदलला. म्हणून आता लिहूनच ठेवते.

त्या वर्षी वऱ्हाडात खुरकुताची साथ आली होती. बैलांच्या तोंडात फोड, खुरांत जखमा, दावणीला उभं राहवेना. एका गावचं जनावर दुसऱ्या गावात न्यायचं नाही, अशी दवंडी फिरली. आमचं गाव वरवट बकालजवळ, आणि माझं माहेर सातपुड्याच्या पलीकडं, मध्यप्रांतात, बऱ्हाणपुराच्या बाजूला. एरवी वडील छकडा पाठवायचे. त्या माघात लग्न ठरलं आणि छकडा येणार नाही असा निरोप आला.

रेल्वे होती. शेगावापर्यंत चालत गेलं की पुढं भुसावळवरून बऱ्हाणपूर. हे सासूबाईंनी सांगितलं, सासऱ्यांनीही सांगितलं. पण आमचे हे रेल्वेत बसायला तयार नव्हते. लढाईवरून, तिकडं आसामच्या बाजूनं परत आल्यापासून कोणी रेल्वेचं नाव काढलं की हे उठून गोठ्यात जाऊन बसायचे. घरी आले तेसुद्धा भुसावळला उतरून पायी आले होते. का, ते कोणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती.

"कुत्र्यांच्या गाडीनं जाऊ," हे म्हणाले.

ह्यांच्या पलटणीत एक साहेब होता, कुठल्याशा उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातला. तिथं म्हणे हिवाळ्यात कुत्री जुंपून बिनचाकाच्या गाडीतून माणसं दिवसच्या दिवस रानातून जातात. साहेबानं फोटोही दाखवला होता. फोटोतली कुत्री हसत होती, असं ह्यांचं म्हणणं.

"तिथं बर्फ असते," सासरे म्हणाले. "इथं धूळ हाय."

"चाकं लावू," हे म्हणाले.

सासरे तंबाखू मळत बाहेर गेले, आणि त्यालाच घरात होकार समजलं गेलं.

गावात एक मोडकी सायकल पडून होती. तिची चाकं काढून सुतारानं त्यांवर बांबूचा हलका सांगाडा बसवला. "बकऱ्या जुपता काय?" त्यानं विचारलं. "नाही, कुत्रे," हे म्हणाले. पहिल्या दिवशी कुत्री जुंपायची होती तेव्हा सुतार सगळ्या बिऱ्हाडासकट बघायला आला.

कुत्री पाच होती. दोन आमच्या मळ्यातली, दोन धनगरांकडून मागून आणलेली, आणि एक पांढरी कुत्री, जी कोणाचीच नव्हती आणि माझ्या मागं मागं फिरायची. जुन्या बाजेची नवार उसवून ह्यांनी त्यांच्या छातीचे पट्टे शिवले. पहिल्या दिवशी कुत्री खाली बसली. दुसऱ्या दिवशी ती सशामागं धावली, गाडी त्यांच्या मागं, आणि हे गाडीच्या मागं, तुरीतून. नंतर ह्यांनी पट्टे मऊ राहावेत म्हणून तेल लावलं, तर कुत्र्यांनी पट्टे खाल्ले.

शेवटी एक लक्षात आलं. मी पुढं चालले की पांढरी माझ्या मागं यायची, आणि पांढरी निघाली की बाकीची निघायची. तेव्हा मी पुढं चालायचं असं ठरलं. म्हणजे गाडीत बसून माहेरी जायचा बेत तिथंच संपला होता.

निघताना सासूबाईंनी भाकऱ्यांचं मोठं गाठोडं बांधून दिलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त कुत्र्यांच्या होत्या. गाडीवर बहिणीचं लुगडं, एक पितळी घागर, पीठ आणि घोंगड्या. सासूबाईंनी मला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाल्या, "रस्त्यात कोणी इचारलं तं आपल्या गावाचं नाव सांगू नको, माय."

पहिला दिवस गावांना वळसे घालण्यात गेला. प्रत्येक गावात कुत्री असतात, हे आम्हांला माहीत होतं, पण किती असतात ते पहिल्याच गावात कळलं. त्यानंतर गाव दिसलं की आम्ही शेतांतून लांबून जायचो. सोनाळ्याच्या अलीकडं एका बांधावर एक म्हातारा बसला होता. त्यानं आमच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"बैल मेले काय?"

"नाही. बरे हायेत," हे म्हणाले.

"मंग?"

"मंग काही नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि पुन्हा समोर बघत बसला.

जंगलाच्या तोंडाशी नाका होता. तिथल्या रखवालदारानं हुकूम आठवून पाहिला. त्यात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी होती. कुत्रं नव्हतं. त्याला अडवताही येईना आणि सोडवतही नव्हतं. "बिबट्याले कुत्रं लय आवडते," तो शेवटी म्हणाला. "मालूम हाय ना?"

"हाव," हे म्हणाले. त्यांना मालूम नव्हतं. खोटं बोलताना ह्यांचे कान लाल व्हायचे.

रात्री नाक्यावरच्या खोपटात आम्ही पाचही कुत्री आत घेऊन झोपलो. थंडी अशी होती की कोणी कोणाच्या अंगावर पाय टाकला तरी तक्रार केली नाही.

सकाळी जंगलात शिरलो. सागाची वाळलेली पानं वाटेवर जाड पसरली होती आणि त्यांवर पांढरं दव होतं. चाकांचा आवाज येईना. कुत्र्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. काय झालं कोणास ठाऊक, पांढरी एकदम माझ्या पुढं गेली. वाट उताराची होती, वारा मागून होता. बाकीची चार तिच्या मागं. "बस! बस वं गाडीत!" हे ओरडले. मी लुगडं सावरून उडी मारली आणि घागरीवर बसले. कुत्री धावत होती. खरंच धावत होती, एका लयीत, कान मागं टाकून. हे बाजूनं पळत होते आणि ओरडत होते, "पाह्यलं? पाह्यलं का?" मी मोठ्यानं हसले. सासरी आल्यापासून तसं हसले नव्हते. उतार संपेपर्यंत तो साहेब, ते बर्फ आणि तो फोटो, सगळं मला खरं वाटत होतं.

पुढच्या ओढ्यात चाक अडकलं आणि मी पुन्हा पायी निघाले. त्या रात्री एका कोरकू पाड्यावर मुक्काम झाला. त्या लोकांनी गाडी पाहिली, आपसांत काही बोलले आणि आमच्यासाठी शेकोटी मोठी केली. एका बाईनं माझे पाय पाहून मला गरम पाणी दिलं. घाटात दिवसाच जा, थांबू नका, एवढं त्यांनी हातवारे करून पुन्हा पुन्हा सांगितलं.

आम्ही दिवसाच गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. घाटाच्या वळणावर कुत्री थांबली. पांढरी गुरगुरली नाही, नुसती खाली बसली. मी तिला ओढायला वाकले आणि बाजूच्या झुडपातून काही तरी पिवळं आलं. मी बिबट्या पाहिला असं म्हणवत नाही. गाडी एकदम आडवी झाली, नवार फाटल्याचा आवाज झाला, आणि धनगरांचं ठिपक्यांचं कुत्रं जागेवर नव्हतं. ते ओरडलंसुद्धा नाही.

हे काठी घेऊन झाडीत शिरले. मी हाका मारत राहिले. आधी "अहो" म्हणत होते, मग नुसतंच ओरडत होते. बऱ्याच वेळानं ते परत आले. हातात पट्ट्याचा तुकडा होता. ते वाटेवरच बसले आणि रडू लागले. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि त्यांतली तीन ह्यांची लढाईत गेली होती. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी गाडी सरळ केली.

उरलेली चार कुत्री गाडीखाली शिरून थरथरत होती. ओढून, मारून, भाकरी दाखवून पाहिलं. ती हलेनात. तिथं थांबणं तर शक्यच नव्हतं. मग आम्ही कुत्री उचलून गाडीत बसवली, त्यांच्यावर घोंगडी टाकली, आणि नवारीचे पट्टे आमच्या खांद्यांवर घेऊन आम्हीच गाडी ओढू लागलो.

चढ संपत आला तेव्हा हे बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, वाटेकडं बघून.

"जखमी माणसांची गाडी होती. माह्या बाजूले साखरखेर्ड्याचा एक पोरगा होता. संगच भरती झालो होतो आम्ही. तो संध्याकाळी गेला. म्या म्हनलं, गाडी थांबवा. कोणी थांबवली नाही."

"मंग?" मी विचारलं.

"मंग सकाळी थांबली. तवरोक त्याचा हात माह्या हातात होता. म्या सोडला नाही."

मला खूप काही म्हणायचं होतं. "माहा खांदा दुखून राह्यला," एवढंच तोंडातून आलं. त्यांनी थांबून माझा पट्टा दुसऱ्या खांद्यावर बांधला, खाली आपल्या फेट्याची घडी घातली, आणि आम्ही पुन्हा चालू लागलो. त्यानंतर ते बराच वेळ त्या मुलाबद्दल सांगत होते. तो शिट्टी चांगली वाजवायचा. त्याला पोहता येत नव्हतं.

माहेरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. नवरदेवाकडची मंडळी नुकतीच येऊन पारावर बसली होती. वाजंत्री थांबली. नवरीची मोठी बहीण आणि थोरला जावई गाडी ओढत येत आहेत आणि गाडीत घोंगडी पांघरून चार कुत्री बसली आहेत, हे सगळ्यांनी नीट पाहिलं. माझे वडील गावात मानाचे. ते उठून उभे राहिले आणि व्याह्यांना म्हणाले, "आमचे जावईबापू. वऱ्हाडात सध्या बैल आजारी हायेत."

"दिसतेच," व्याही म्हणाले.

वाजंत्री पुन्हा सुरू झाली. आईनं मला आत नेलं आणि प्रश्न न विचारता न्हाणीत पाणी काढलं. बहीण हळद लावून बसली होती. तिनं माझ्या खांद्यावरचे वळ पाहिले आणि वाटीतली उरलेली हळद त्यांना लावली. लग्नात ह्यांनी कुत्र्यांना आधी जेवू घातलं, मग स्वतः जेवले. वरातीत कोणीतरी चेष्टा केली, तर बहिणीचा नवराच त्याला म्हणाला, "तू ये बरं तो घाट चढून."

साथ ओसरेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. पांढरीला तिथं पिल्लं झाली, ती तिथंच रमली. गावी परतल्यावर धनगरांच्या मेलेल्या कुत्र्याबद्दल हे स्वतः जाऊन त्यांना सांगून आले. धनगर म्हणाला, जंगलात असं होतंच. पण ह्यांना ते पटलं नाही, आणि पुढं कित्येक वर्षं ते त्याच्या मेंढ्या आमच्या शेतात बसवून त्याला जेवायला बोलवायचे.

पुढच्या हिवाळ्यात हे म्हणाले, साखरखेर्ड्याले जातो. मी म्हटलं, मीही येते. त्या मुलाची आई एका वाड्याच्या मागच्या खोलीत राहायची. तिनं आम्हांला ओळख विचारली नाही. हे बोलू लागले तशी ती चुलीपुढं बसून भाकऱ्या थापून आम्हांला वाढत ऐकत राहिली. सगळं सांगून झालं.

"शेवटच्या दिवशी काही खाल्लं होतं त्यानं?" तिनं विचारलं.

"दूध पेला होता. कपभर."

ह्यांचे कान लाल झाले. म्हातारीनं ते पाहिलं. "दूध त्याले आवडतच नव्हतं," ती म्हणाली, आणि ह्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.