भट्टीची खिडकी

श्रीरामपूरला आमच्या शेजारच्या चाचींच्या अंगणात चिनी मातीची, अंड्यासारखी भट्टी आहे. तिच्यात कोळशाच्या वड्या पेटवायच्या, कोंबडी ठेवायची, झाकण लावायचं. मधे उघडून बघणं त्यांना मंजूर नाही. "माजं नाक हाय ना," म्हणतात, आणि ते नाक चुकत नाही.

कोंबडी उतरली की पाहुणे ताटावर थांबले तरी चालतील, चाची आधी भट्टीच्या खालची छोटी खिडकी बंद करतात. हवा तुटली की वड्या विझतात, उरलेल्या उद्या चालतात. "जाळाया अक्कल लागत न्हाई, इझवाया लागती."

समोरच्या काकूंशी त्यांचं नळावरून वाजलं होतं, तेव्हापासून अबोला. परवा काकू गॅसचं रिकामं सिलिंडर तसंच परत घेऊन आल्या. चाचींनी ते पाहिलं. संध्याकाळी कोंबडी उतरवल्यावर त्यांनी खिडकी उघडीच ठेवली. माझ्याकडे बघत, पण समोर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इस्तू चांगला हाय. मी आत चालले, मला काय दिसायचं न्हाई."

काकू आमटीचं पातेलं घेऊन आल्या, भट्टीत ठेवून झाकण लावलं आणि जरा वेळाने ते उचलून डोकावल्या.

घरातून चाचींचा आवाज आला, "काकू, झाकण लावा आधी."