मिस्त्रीनं घातलेली शपथ

धोंडबा मिस्त्री गाडीचं बॉनेट आधी उघडतच नाही. मागच्या सीटवर जाऊन बसतो, डोळे मिटतो अन् म्हणतो, "हं, मार सेल्फ." मधात कोणी बोललं तर त्याले खपत नाही. आमच्याच गल्लीत राहतो. पासष्टी उलटली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, पण गाडीचं दुखणं नुसतं ऐकून ओळखतो. माणूस सोन्यासारखा आहे, फक्त गुपितं पाळायची भारी खोड. त्या खोडीपायी माझा पहिलाच दिवस बुडाला असता.

मी भावना. बारा वर्षं गांधीबागेच्या बाजारात साड्यांच्या दुकानात उभ्यानं घड्या घातल्या. संध्याकाळी पाय सुजून चप्पल होत नसे. शेवटी नोकरी सोडली, मनोहरराव नावाच्या एका रिटायर बाबूंकडून त्यांची जुनी व्हॅन घेतली अन् शाळेची आठ लेकरं ठरवली. जूनच्या शेवटी शाळा उघडली. पहिल्या दिवशी सकाळी सहाले मी चावी फिरवली, तर गाडी नुसती घर्र घर्र करे, इंजिन काही पकडे ना. दहादा फिरवली, तेच. साडेसातले शाळेचं फाटक बंद होते. आज लेकरं घरीच राहिली तर त्यांच्या आया उद्या दुसरी गाडी लावतील, अन् दुकानातली जागा तर कधीचीच भरली होती.

अन् मी घाबरली की मले राग येते. मी मनोहररावांले फोन लावला. "बिघडलेली गाडी गळ्यात मारली न माझ्या! भला माणूस समजून घेतली, अन् तुम्ही तर ठग निघाले!"

"पोरी, ऐकून तर घे..."

मी काही ऐकून घेतलं नाही. फोन बंद केला अन् धोंडबाचं दार वाजवलं.

धोंडबा बनियानवरच आला अन् मागच्या सीटवर बसला. मी सेल्फ मारला.

"बॅटरी चांगली आहे, सेल्फ जोरात फिरून राहिला," तो म्हणाला. "इंजिनले तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल अन् ठिणगी. आता चावी अर्धीच फिरव अन् चूप बस."

मी चूप बसली. काहीच आवाज नाही.

"हेच तर! चावी लावली की सीटखाली पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणला पाहिजे. हा तर मुका झाला." मग त्यानं फ्यूज काढून पाहिला, तो चांगला. पंपाच्या वायरले टेस्टर लावला, तर करंटच नाही. "काल काय केलं वं गाडीले?"

"काहीच नाही."

"आठव."

"काहीच नाही म्हटलं न काका! धुतली, पुसली, नवीन चटया टाकल्या. त्यानं का गाडी बिघडते?"

"कोणाची होती ही?"

"मनोहररावांची. ते रिटायर बाबू."

धोंडबानं चष्मा काढला. "ज्याची स्कूटर चोरीले गेली होती, तो? अरे बापा! याच्यात तर मीच चोर बटण बसवलं होतं."

चोर बटण म्हणजे लपवलेलं बटण. ते एकदा दाबलं की पंपाचा करंट तुटते, मग चोरानं कितीही सेल्फ मारला तरी गाडी जागची हलत नाही; पुन्हा दाबलं की करंट जुळते. मले हायसं वाटलं. "मग दाबा न लवकर! कुठं आहे?"

तो जमिनीकडे पाहू लागला. "मले काय माहीत?"

नऊ वर्षं झालेली. वरून याचा नेम असा, की हरेक गाडीत बटण वेगळ्या जागी. कुठं लिहायचं नाही, ध्यानात ठेवायचं नाही, अन् मालकाले शपथ घालायची की बायकोलेही सांगायचं नाही. "मिस्त्रीनंच जागा ध्यानात ठेवली तर उद्या चोर कोण ठरते? मिस्त्रीच न!" म्हणे. वायर शोधत बसलं तर तासभर लागणार होता. घड्याळात पावणेसात झाले होते.

ज्याले ठग म्हटलं, त्यालेच पुन्हा फोन लावायची वेळ आली. कोणत्या तोंडानं लावला ते माझं मले माहीत.

"काका, चोर बटण कुठं आहे?"

"ते सांगता येत नाही."

"काहून?"

"मिस्त्रीनं शपथ घातली आहे, पोराच्या गळ्याची."

मी कपाळावर हात मारला. धोंडबानं फोन हिसकला. "मी धोंडबा मिस्त्रीच बोलून राहिलो गा! सांगून टाक."

"तुम्हीच मिस्त्री कशावरून?"

"स्कूटर गेली त्या दिवशी माझ्या गॅरेजात बसून रडला नव्हता का तू? मीच पाणी दिलं होतं. सोडली तुझी शपथ, बोल!"

ड्रायव्हरच्या सीटखाली, डाव्या कोपऱ्यात. नवीन चटईची कडक कड नेमकी त्या बटणावर दाबून बसली होती. चटई उचलून मी बटण पुन्हा दाबलं, चावी अर्धी फिरवली, अन् सीटखालून गुणगुण आली. पुढच्या झटक्याले गाडी चालू! मले रडूच फुटलं.

"रडून काय राहिली? लेकरं उभी असतील, जाय न!" धोंडबा ओरडला.

आठव्या लेकराचं दप्तर आत गेलं अन् मागून चपराशानं फाटक ओढलं. स्कूटीवर मागं मागं आलेली एक आई म्हणाली, "उद्याही हाच टाइम न, ताई?" मी हो म्हटलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून दोन मिनिटं तशीच बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता.

घरी आली तर गल्लीत ऑटो उभा, अन् त्यातून मनोहरराव उतरून राहिले होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"लेकरं पोहोचली का?"

"आठही पोहोचली. काका, मी तुम्हाले नाही नाही ते बोलली. चुकली मी."

"अगं, तुझा पहिला फोन आला तेव्हाच ओळखलं, बटणच असणार. विकताना सांगायला हवं होतं, पण शपथ. लगेच निघालो, पण एवढ्या सकाळी ऑटो मिळायला फार वेळ गेला. दुसरा फोन आला तेव्हा वाटेतच होतो." ते दारात उभ्या असलेल्या धोंडबाकडे पाहून ओशाळं हसले, मग मले म्हणाले, "म्हटलं, सांगता येत नाही, तर तुझं लक्ष नसताना गुपचूप दाबून तरी येतो."

अन् या माणसाले मी सकाळी सकाळी ठग म्हटलं होतं.