पानिपतावर अडलेला कॉम्प्युटर

मला पहिल्यांदा खटकलं ते एवढंच: स्क्रीन काळा होता आणि भामरे सर टाइप करत होते.

ब्रेल छापखान्यातला माझा पहिला दिवस. नाशिकमधल्या एका जुन्या कॉलनीत, बंगल्यामागच्या दोन खोल्या म्हणजे आमचा छापखाना. अंध विद्यार्थ्यांची पुस्तकं इथे ठिपक्यांत छापली जातात. एका खोलीत जाड कागदांचे गठ्ठे, दुसरीत ठिपके ठोकणारा प्रिंटर आणि त्याला जोडलेला म्हातारा कॉम्प्युटर. माझ्याआधीची, श्रावणातच काम सोडून गेलेली मुलगी मला म्हणाली होती, "तिथे पानं कमी छापली जातात आणि किस्से जास्त." मला वाटलं, ती मला धीर देतेय.

दहा मिनिटं धाडस गोळा करून मी म्हणाले, "सर, स्क्रीन बंद आहे."

"हो का?" सरांची बोटं थांबली नाहीत. "कधीपासून?"

भामरे सर जन्मापासून अंध. कॉम्प्युटर त्यांना सगळं वाचून दाखवतो, ते कानात इअरफोन घालून ऐकतात. चौकशी केल्यावर कळलं की मॉनिटर गणपतीतच गेला होता, आणि मी रुजू झाले ती दिवाळीनंतर. आमच्या प्रमुख शिंदे मॅडम पुढच्या ऑफिसात बसतात, त्यांना याचा पत्ताच नव्हता.

"सर, इतके दिवस सांगितलं का नाही?" मॅडम म्हणाल्या.

"माझी काही तक्रार नव्हती," सर म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या आधी पोचले, उत्साहानं कॉम्प्युटर चालू केला आणि वळले. पाठीमागून एक पुरुषी आवाज खणखणीत इंग्रजीत बोलायला लागला. माझ्या हातातला डबा खाली पडला. पोळीभाजी फरशीवर.

आवाज कॉम्प्युटरचाच होता. मी इअरफोन जोडला नव्हता. तो सांगत होता की या संगणकाचा सपोर्ट संपला आहे, कृपया नवीन घ्या. ही सूचना रोज सकाळी यायची आणि तो ती इमानेइतबारे वाचून दाखवायचा.

तेवढ्यात सर काठी टेकत आत आले. त्यांनी सूचना शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि कॉम्प्युटरवर थाप मारली.

"माझापण अठ्ठावन्नला संपतोय. चल, कामाला लाग."

*

सपोर्ट संपणं म्हणजे नेमकं काय, हे मला आमच्या संदीपभाऊंनी समजावलं. संदीपभाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतात. बोलावलं की येतात, आणि आले की आधी मान हलवतात.

"याला आता कंपनीकडून काही येत नाय. नवीन रोग आला तरी औषध नाय. नेटची वायर काढून ठेवा ताई, नायतर कोणीपण आत शिरंल."

त्या दुपारी मी दाराची कडी दोनदा तपासली.

मॅडमनी खटपट करून एक देणगीदार गाठला आणि नवाकोरा कॉम्प्युटर आला. आम्ही पेढे वाटले. मग संदीपभाऊंनी आमच्या ब्रेल प्रिंटरची वायर हातात घेतली. पंचवीस टाचण्यांचं रुंद तोंड! नव्या कॉम्प्युटरला असं तोंड घालायला भोकच नव्हतं. मधे जोडायचा एक तुकडा आणून पाहिला, तर प्रिंटरनं पानभर प्रत्येक अक्षराच्या जागी सहाच्या सहा ठिपके ठोकले. सरांनी पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खूप बोलतोय, पण मुद्द्याचं काही नाही."

नवा कॉम्प्युटर आमच्याकडे अजून आहे. जुना कसा दुरुस्त करायचा याचे व्हिडिओ आम्ही त्याच्यावर बघतो.

*

एकदा टाइप करता करता सर थांबले. "ऋतुजा, याचा श्वास बदललाय."

मी कान लावला. मला नेहमीसारखीच घरघर ऐकू आली. संदीपभाऊही मान हलवून म्हणाले, "पंखा ठीक हाय सर. तुम्हाला भास झाला."

सर नामपूरचे, घरी कांद्याची शेती आणि तो साठवायची चाळ. ते शांतपणे म्हणाले, "चाळीत एक कांदा सडला तर माझा भाऊ बाहेर उभा राहून सांगतो. आतले सगळे म्हणतात भास झाला. उघडा तुम्ही."

संदीपभाऊंनी डबा उघडला. धुळीची गादी, त्यावर दोन पांढरी अंडी, आणि त्यांची आई. पाल माझ्या दिशेनं आली. मी खुर्चीवर कधी चढले ते मला आठवत नाही. ओरडले ते मात्र पुढच्या ऑफिसात ऐकू गेलं.

"पाल ना?" सर जागेवरूनच म्हणाले. "मला उंदीर वाटला होता. एवढी चूक झाली."

*

आता कविताविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. कविता चांदवडची, बी.ए.ला आहे, इतिहास विषय. तीसुद्धा अंध. तिचं मराठ्यांच्या इतिहासाचं पुस्तक आम्ही छापत होतो. डोळ्यांनी वाचायचं एक पुस्तक ब्रेलमध्ये चार-पाच जाड खंडांचं होतं. दोन खंड तिला मिळाले होते, तिसरा छापत होतो. चौतिसाव्या पानावर प्रिंटर थांबला. कॉम्प्युटर गप्प. सरांनी त्यावर हात ठेवला.

"गार पडायला लागलाय," ते म्हणाले. त्यांचा तसा आवाज मी आधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी कविताचा फोन, सरांनी स्पीकरवर टाकला. परीक्षेला अठरा दिवस होते.

"सर, माझा दुसरा खंड पानिपतावर संपलाय. पुढे काय झालं?"

"पुढे फार चांगलं काही झालं नाही," सर म्हणाले. "पण छापून देतो."

मी मधेच सुचवलं की रेकॉर्डिंग पाठवते, ऐकून अभ्यास कर. कविता म्हणाली, "ताई, तुम्ही कधी तहाची कलमं नुसती ऐकून पाठ केलीत का? मला ती बोटाखाली लागतात."

मी पुन्हा असं सुचवलं नाही.

*

मदरबोर्ड जळला होता. हार्ड डिस्क शाबूत होती, म्हणजे पंचवीस टाचण्यांचं तोंड जिथे बसेल असा दुसरा एखादा म्हातारा हवा होता. मॅडमनी सगळ्या ओळखीच्यांना मेसेज टाकले. शेवटी त्र्यंबकेश्वरच्या एका गुरुजींनी माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर दिला. ते त्याच्यावर कुंडल्या काढायचे.

आम्ही तो पुसूनबिसून चालू केला. पडद्यावर आलं: जन्मवेळ टाका.

मी ते सरांना वाचून दाखवलं.

"त्याचीच टाक," सर म्हणाले. "किती दिवस टिकतोय ते तरी कळेल."

संदीपभाऊंनी जुन्या डिस्कवरून आमचा प्रोग्रॅम त्यात घातला. मराठी मजकुराचे ठिपके करतो तो हा प्रोग्रॅम, आमच्या छापखान्याचा जीवच म्हणा ना. तो उघडला, आणि एक चौकट आली. हे मशीन ओळखीचं नाही. खाली एक लांबलचक आकडा, त्याखाली रिकामी जागा. हा आकडा ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्याला कळवायचा, तो उत्तराचा आकडा देणार, मगच प्रोग्रॅम चालणार.

"कोणी लिहिलाय?" मी विचारलं.

"वाणी सरांनी," भामरे सर म्हणाले. "एकट्यानं, घरी बसून. एकदाच आले होते, बसवून गेले. बारा-तेरा वर्षं झाली."

म्हणजे कंपनी नाही, ऑफिस नाही, हेल्पलाइन नाही. आमचा सगळा सपोर्ट म्हणजे एक माणूस, आणि तो कुठे असेल ते कोणालाच माहीत नाही. परीक्षेला तेरा दिवस. छपाई आणि बांधणीला चार तरी हवेत.

*

मी सगळ्या फायली उपसल्या. बिलं, पत्रं, पाकिटं. वाणींचा नंबर कुठेच नाही. दोन दिवसांनी सर म्हणाले, "मॅन्युअल बघितलंस?"

मॅन्युअल ब्रेलमध्ये होतं. वापरणारे अंध, म्हणून वाणी सरांनी ते ठिपक्यांतच दिलं होतं. मी त्या पुस्तकाला दहा वेळा हात लावून बाजूला ठेवलं होतं, विद्यार्थ्यांचंच एखादं पुस्तक समजून. सरांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

"'अडचण आल्यास फोन करावा,'" त्यांनी वाचलं आणि एकेक अंक सांगायला लागले. मी लिहीत गेले. शेवटच्या अंकावर बोट थांबलं. पुढे गेलं, मागे आलं.

"घासलाय."

इतकी वर्षं त्या पुस्तकावर खंडांची चवड होती. ब्रेलमधल्या दोनला एकाखाली एक असे दोन ठिपके. सहा, सात आणि आठला तेच दोन, शिवाय शेजारी आणखी. शेजारचे ठिपके दबून गेलेत की मुळात नव्हतेच, ते सरांच्या बोटालाही सांगता येईना.

"चारपैकी एक," सर म्हणाले. "लाव."

अनोळखी माणसाला फोन करायचं मला दडपण येतं. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं, 'नमस्कार'सकट.

दोन: हा नंबर अस्तित्वात नाही.

सहा: पहिल्याच रिंगला उचलला, माझा 'नमस्कार' ऐकताच सुरू. "ताई, गाडी भरली हाय, पण इथं लय लाईन हाय. अर्ध्या तासात निघतो, शेठला सांगा." माझ्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी म्हणाले, "बरं, सावकाश या." सरांनी हसून हसून चष्मा काढून पुसला.

सात: रिंग वाजते, कोणी उचलत नाही.

आठ: बंद.

मग रोज सात आणि आठ. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्याहून जास्त केला तर समोरच्याला राग येईल असं मला वाटायचं. सर म्हणायचे, "राग यायला आधी उचलायला हवा ना." कविता रोज काही विचारायची नाही, फक्त मिस्ड कॉल द्यायची.

परीक्षेला सात दिवस उरले त्या सकाळी मी सात लावला. रिंग वाजत राहिली. मी कागद घडी करून ठेवायला लागले, आणि पलीकडे खुट्ट झालं.

"हॅलो?" वयस्कर बाईंचा आवाज, धाप लागलेला.

"नमस्कार, वाणी सर आहेत का?"

"गच्चीवर आहेत, टाकी धुतायत. कोण बोलतंय?"

"मी नाशिकहून, ब्रेल छापखान्यातून. सरांचा प्रोग्रॅम आहे ना आमच्याकडे, तो..."

   बाई फोन तसाच हातात धरून लांब कुठेतरी ओरडल्या, "अहो, खाली या आधी. तुमचं ते अजून कोणीतरी वापरतंय!"