ताईच्या गाडीतला एकच फ्यूज

गाड्यांची वायरिंग करणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळे 'दोन टोके' म्हणत, आणि त्याला त्याचा कोण अभिमान! गाडीत दुसरी बॅटरी बसवायला कुणी आलं की याचं प्रवचन सुरू. इंजिनाची बॅटरी पुढे, वापराची मागे, मधे चार्जर. म्हणजे वीज दोन्हीकडून येऊ शकते. म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना हवा, बॅटरीला अगदी खेटून. चार्जर तीस अँपियरचा असेल तर फ्यूज चाळीसचा, आणि वायर त्याहून जास्त सोसणारी. "फ्यूज मशीनसाठी नसतो हो, वायरसाठी असतो," हे ऐकून ऐकून गिऱ्हाइकाचे कान किटत.

अशा या माणसाने सख्ख्या बहिणीच्या गाडीत एकच फ्यूज लावला.

ताई अंथरुणाला खिळलेल्यांचे केस घरी जाऊन कापायची. गाडी हेच तिचं दुकान. केस कापायचं मशीन, ड्रायर, दिवा सगळं मागच्या बॅटरीवर. तिच्या गाडीची वायरिंग संपत आली तेव्हा फ्यूजचा एकच होल्डर उरला होता, आणि दारात एक तिरसट गिऱ्हाईक घाई करत उभं होतं. होल्डर त्याच्या गाडीत गेला. ताईचं काय, घरचंच तर काम, पुढच्या आठवड्यात लावू! तो आठवडा काही उजाडला नाही. ताईने एकदा विचारलंही होतं, "काही राहिलंय का रे?"

"काही नाही गं. तू बिनधास्त चालव."

मग एक दिवस सीट मागेपुढे सरकून सरकून तिच्याखालून चार्जरकडे जाणाऱ्या दोन्ही वायरींचं आवरण कापलं गेलं आणि त्या गाडीच्या पत्र्याला टेकल्या. पुढचा फ्यूज इमानाने उडाला. मागची बॅटरी मात्र वीज ओतत राहिली, वायर लाल झाली आणि सीट पेटली. विझवताना ताईची उजव्या हाताची दोन बोटं भाजली.

जळकी गाडी उघडल्याबरोबर मिस्त्रीने आधी मागचं टोक पाहिलं. फ्यूजची जागा रिकामीच होती. ताई मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "ओले टॉवेल मीच मागच्या बॅटरीजवळ कोंबले होते. भावाने बिचाऱ्याने किती जपून काम केलं होतं!" तो 'बिचारा' त्याला चपराकीसारखा लागायचा. घरी जेवण जाईना. बायको म्हणाली, "अहो, ताई वाचल्या ना? मग तोंड का असं उतरलंय?" पण खरं काय ते त्याने ना ताईला सांगितलं, ना तिला. स्वतःची लाज वाटत होती, आणि नाव जाईल ही भीती त्या लाजेहून मोठी होती.

तो पुन्हा भेटायला गेला तेव्हा ताई म्हणाली, "गाडी विकतेय. मला नाही झेपत ही यंत्रं. माझ्या हातून उद्या कुणाचं घर पेटायचं."

आता मात्र त्याला राहवेना. "ताई, टॉवेलचा काही संबंध नाही. मागच्या टोकाला मी फ्यूजच लावला नव्हता."

ताई पट्टी बांधलेल्या बोटांकडे बघत राहिली. "आणखी किती गाड्यांत असं केलंयस?"

"एकाही गाडीत नाही, शपथ! फक्त तुझ्याच."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ते ऐकू आलं.

"गाडी नाही विकत मी," ताई शांतपणे म्हणाली. "पण वायरिंग दुसऱ्या कुणाकडून करून घेईन. परक्याकडून."