निजणं आणि निजवणं

सूयाकला समुद्राकाठच्या एका घरात पिलार नावाची स्पॅनिश विधवा एकटीच राहायची. नवऱ्याच्या व्यापारापायी ती मॉरिशसला आली आणि तो गेल्यावरही इथंच राहिली. शहात्तर सालापासून चंद्रावती तिच्याकडे स्वयंपाकाला होती; ती तिला मादाम म्हणायची. म्हातारी करारी. पायात बूट चढवतानासुद्धा कुणाचा हात लागू द्यायची नाही.

दुपारी जेवण झालं की ती उठायची आणि म्हणायची, "मे आकुएस्तो." म्हणजे, मी निजायला जाते. एकदा चंद्रावतीनंही ते म्हणून पाहिलं, पण 'मे' गाळला. मादाम बेटावरच्या क्रेओल बोलीत मोडकंतोडकं म्हणाली, "कुणाला निजवतेस? मांजराला? आधी 'मे' म्हण. स्वतःला."

चंद्रावतीला नवल वाटलं. निजवायचं ते तान्ह्या पोराला. आपणच आपल्याला निजवायचं, ही कुठली रीत? तरी भांडी घासता घासता तिनं ते घोकलं. चुकली की मादाम पुन्हा म्हणवून घ्यायची.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात एका दुपारी मादाम पलंगाचा खांब धरून उभी होती.

"आकुएस्तामे, चंद्रा."

आज बाईच चुकली, असं वाटून चंद्रावती हसली. "मे आकुएस्तो, मादाम."

"आकुएस्तामे."

या वेळी शब्द जड आला. चंद्रावतीनं नीट पाहिलं. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती, उजवा हात नुसता लोंबत होता. मग तिला अर्थ लागला. मला निजव. हातातली बशी कधी पडली, तिला कळलंही नाही. ती नुसती बघत राहिली.

खांबावरची बोटं सुटायला लागली, तशी ती भानावर आली. तिनं म्हातारीला कवेत घेऊन निजवलं आणि शेजारच्या इंद्रदेवला गाडी काढायला सांगितलं. इस्पितळात जीव वाचला. हात मात्र गेला तो गेलाच.

चंद्रावती नुव्हेल फ्रांस गावातल्या आपल्या घरून रोज बसनं ये-जा करायची. मादाम घरी परतायची झाली, तेव्हा नवरा लक्ष्मण म्हणाला, "आता तू तिकडंच राहणार की काय?"

"तिला निजवणार कोण?"

रविवारी त्यानं बायकोची गादी बसच्या टपावर चढवली, आणि तिच्यामागोमाग आपलीही.